चाळीस सेकंद मागे

बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्हवरचं शेवटचं प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला, शुक्रवारी संध्याकाळी झालं. दुसऱ्या दिवशी साडेसातला मी मुद्दाम तीच फ्रिक्वेन्सी लावली. तिथे शांतता असेल असं धरून चाललो होतो. पण बारीक, दबलेल्या आवाजात कुणीतरी बोलत होतं, भाषा बहुधा चिनी. म्हणजे हा गृहस्थ आख्खा हिवाळा बीबीसीच्या आवाजाखाली तिथेच बोलत बसलेला असणार. वरचा उठून गेला तेव्हा खालचा ऐकू आला. मी वहीत नोंद केली, सिनपो २४२२२, आणि हिला हाक मारून ऐकवलं. ही म्हणाली, "अहो, कळतंय का त्यातलं काही?" कळत काहीच नव्हतं. पण लागलं होतं ना!

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी सांगतो. सिनपो म्हणजे ओळीने पाच आकडे: आवाजाचा जोर, दुसऱ्या केंद्राची लुडबुड, खरखर, लहरींची चढउतार आणि एकंदर गुण. प्रत्येकाला १ ते ५. ५५५५५ म्हणजे शेजारच्या खोलीतून कुणी बोलावं तसं. माझ्या वहीत असे पाच पंजे फार थोडे आहेत. आमची मजा ३४३३३ वर चालायची.

आमचं गाव दापोली तालुक्यात, केळशीच्या अलीकडे, डोंगराच्या पोटात. एफएम इथवर पोचत नाही, डोंगर आडवा येतो. मीडियम वेव्ह दिवसा मुळमुळीत. शॉर्टवेव्हला मात्र डोंगराचं काही वाटत नाही, कारण ती समोरून येतच नाही. आकाशातल्या आयनोस्फिअरला आपटून वरून खाली येते. म्हणून तर कोलंबोचा रेडिओ सिलोन आमच्या ओटीवर मुंबईपेक्षा खणखणीत लागायचा. सकाळी जुनी गाणी, आणि आठला तीनेक मिनिटं असताना सैगल. सैगल लागला की दप्तर उचलायचं, हे आमच्या घरातलं घड्याळ. बुधवारी रात्री आठला अमीन सायानी, तेव्हा तर शेजारची चार पोरं ओटीवर येऊन बसलेली असत.

तो ट्रान्झिस्टर वडिलांनी मुंबईहून बोटीने आणला होता. हर्णै बंदरात बोट लांब उभी राहायची आणि तिथून पडावात उतरायचं. वडील एका हाताने पडावाची कड आणि दुसऱ्या हाताने गोधडीत गुंडाळलेला फिलिप्स धरून आले, ही आमच्या घरातली शंभरदा सांगितलेली हकीकत. त्याचं लायसन्स होतं. पोस्टात पैसे भरायचे आणि छोट्या पुस्तकात तिकीट लावून घ्यायचं. चार मोठे सेल लागत. सेल उतरले की दोन दिवस उन्हात वाळवायचे, मग आणखी आठवडाभर चालत. हे आजच्या मुलांना सांगितलं की ती हसतात, पण चालत.

नोंदवही मी १९७६ मध्ये सुरू केली. तारीख, वेळ (भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून, म्हणजे ग्रिनिचची), फ्रिक्वेन्सी, केंद्र, सिनपो, शेरा. दोन माडांच्या मध्ये तांब्याची तार ताणून एरियल केली होती. नेदरलँड्सला, जर्मनीला एअरोग्रामवर रिपोर्ट पाठवायचे. दीड-दोन महिन्यांनी चित्राचं कार्ड यायचं, त्यावर 'तुम्ही आम्हाला ऐकलंत हे खरं' असं शिक्कामोर्तब. ट्रंकेत अजून आहेत. पुढे दुबईला असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने आकड्यांचा पडदा असलेला टेकसन रेडिओ आणून दिला, तेव्हा काटा कुठे आहे याचा अंदाज बांधायचा प्रश्न मिटला.

तोवर केंद्रंच मिटायला लागली होती. स्विस २००४ मध्ये गेलं. व्हॉइस ऑफ अमेरिकाची हिंदी सेवा २००८ मध्ये. नेदरलँड्स २०१२. रेडिओ ऑस्ट्रेलियाने शॉर्टवेव्ह बंद केली ती ३१ जानेवारी २०१७ ला, म्हणजे बीबीसी हिंदीच्या बरोबर तीन वर्षं आधी, त्याच तारखेला. आमच्या जमातीला ही तारीख लाभत नाही. बीबीसी हिंदी बंद करणार असं २०११ मध्येच एकदा जाहीर झालं होतं. लोकांनी पत्रं लिहिली, मीही लिहिलं, आणि त्या वेळी मुदत वाढवून मिळाली. २०२० ला पत्र लिहायचं मनातही आलं नाही.

आणि जे उरलं होतं तेही घरात नीट लागेना. एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, सेट टॉप बॉक्स, प्रत्येक वस्तू आपापली खरखर घेऊन आली. मी एकदा टेकसन हातात घेऊन घरभर फिरलो आणि कुठे किती गुरगुरतंय ते बघितलं. सर्वात मोठा गुन्हेगार निघाला देवघरातला बल्ब. तो काढायची माझी हिंमत नव्हती.

मार्चमध्ये पुतण्या पुण्याहून शिमग्याला आला. पालखी झाली, तो निघायच्या बेतात होता, आणि टाळेबंदी लागली. अडकला. नोकरी लॅपटॉपवरून करायची, त्यामुळे पहिले दोन दिवस तो आणि मी एकच काम करत होतो: नेटवर्क शोधणं. ते कामच माझं! एरियल कुठे टांगावी हे मला जन्मभर कळत आलंय. ओटीवरच्या उत्तरेकडच्या खांबापाशी, जमिनीपासून साधारण पाच फुटांवर, दोन काड्या स्थिर मिळत. अर्धा फूट खाली आणलं की एक. तिथे फळी ठोकून दिली. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही टॉवर कंपनीत पाहिजे होता."

त्याबद्दल त्याने मला त्याचा जुना फोन दिला आणि त्यावर न्यूज ऑन एअर हे अॅप घालून दिलं. पहिली संध्याकाळ मी विसरणार नाही. आकाशवाणीची देशभरची केंद्रं ओळीने मांडलेली. पणजी लावलं, लागलं. जळगाव, लागलं. नागपूर. मग परभणी. परभणी मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. दिवसा इथवर येणं शक्य नाही, रात्रीही कधी पकडता आलं नव्हतं. आणि आता बोट लावलं तर शेतीवरची मुलाखत, कापसावर, स्वच्छ, बोलणाऱ्याचा श्वास ऐकू येईल इतकी. मी ती शेवटपर्यंत ऐकली. आमच्याकडे कापसाचं बोंड कुणी पाहिलेलं नाही.

रात्री वही काढली. तारीख, वेळ लिहिली. फ्रिक्वेन्सीच्या रकान्यात काय लिहायचं? रेघ मारली. सिनपो ५५५५५. दुसऱ्या केंद्रालाही ५५५५५. तिसऱ्याला लिहिताना पेन उचलेना. परीक्षेत सगळ्या वर्गाला शंभरपैकी शंभर पडले तर मास्तरने काय तपासायचं? इतक्यात फोनवर गोल फिरायला लागलं आणि आवाज बंद. खरखर नाही, क्षीण नाही, काहीच नाही. सिनपोत शून्य नसतो. पाच आकडे ठरवणाऱ्यांनी असा प्रसंग धरलेलाच नव्हता.

मग नवे रकाने आखले: किलोबिट, घरातली जागा, खंड किती वेळा, उशीर.

किलोबिट हा रकाना हिच्यासाठी. रेडिओ ऐकून सगळं नेट संपेल आणि मुलीला व्हिडिओ कॉल करता येणार नाही, अशी तिला धास्ती. मी फळ्यावर मांडावं तसं मांडून दाखवलं. ६४ किलोबिटचा प्रवाह म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. तासाचे ३६०० सेकंद. म्हणजे तासाला २९ एमबीच्या आत. १२८ चा असेल तर दुप्पट. रोज दीड जीबी मिळत असताना दिवसभर आकाशवाणी लावून ठेवली तरी अर्ध्याहून जास्त शिल्लक. ही म्हणाली, "मग दिवसभर लावू नका म्हणजे झालं."

उशीर हा रकाना मात्र माझा. त्याचं असं झालं. बीबीसीची इंग्रजी सेवा तेव्हा शॉर्टवेव्हवर आमच्याकडे येतच होती. एका संध्याकाळी टेकसनवर ती लावली आणि खांबावरच्या फोनवरही लावली. तास पडायची वेळ. टेकसनवर टोल पडले, पाच आखूड आणि सहावा लांब. फोनवर निवेदक अजून आधीचं वाक्य बोलत होता. मी घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत उभा. दहा, वीस, तीस. चाळिसाव्या सेकंदाला फोनवर टोल पडले. पुन्हा दुसऱ्या दिवशी केलं: अडतीस. नंतर नेट रडत असताना एक मिनिट दहा सेकंद.

पुतण्याला विचारलं. तो म्हणाला, "आवाज आख्खा येत नाही काका. तुकडे करतात, सहा-सहा, दहा-दहा सेकंदांचे. तुकडा पूर्ण भरल्याशिवाय पाठवत नाहीत. आणि फोन तीनेक तुकडे आधी साठवतो, मग वाजवायला घेतो. म्हणजे मध्ये नेट गेलं तरी आवाज तुटू नये." म्हणजे बैलगाडीने नारळ पाठवल्यासारखं, गाडी भरल्याशिवाय निघत नाही. पटलं. तरी गंमत वाटायची ती वाटतेच. कोलंबोहून निघालेली लहर आमच्या ओटीवर यायला सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही. (उपग्रहावरून ट्रान्समीटरपर्यंत जाताना शॉर्टवेव्हलाही किंचित उशीर होतो, हे मान्य. पण तो श्वासाइतका.) आणि ज्या फोनच्या पडद्यावर सेकंदाबरहुकूम वेळ दिसते, तोच फोन तोंडाने चाळीस सेकंदांपूर्वीची वेळ सांगतो. आमचं भिंतीवरचं घड्याळ मी टोलांवर लावत आलो. ते काम फोनच्या रेडिओकडून काढून घेतलं.

एप्रिलमध्ये पुढचा धडा. अॅपमध्ये नसलेली परदेशी केंद्रं व्हीएलसी या प्लेअरमध्ये लिंक घालून ऐकायची. पुतण्याने लिंका पाठवल्या, पण मला वस्तू वहीत असल्याशिवाय आपली वाटत नाही. तेव्हा साठेक लिंका हाताने उतरवून काढल्या. अक्षर माझं चांगलं आहे, शाळेत बोर्ड मीच लिहायचो. पण इंग्रजीतला छोटा एल, मोठा आय आणि आकडा एक, हे तिघे पडद्यावर जुळे भाऊ दिसतात. एक जरी चुकलं की केंद्र लागत नाही. जरा इकडे तिकडे फिरवून बघू म्हणावं तर फिरवायला काही नाही! रेडिओत काटा केसभर चुकला तर आवाज घोगरा येतो आणि कुठल्या बाजूला सरकायचं ते सांगतो. इथे चुकलं ते किती चुकलं, काही पत्ता नाही.

अक्षर बरोबर असूनही लागेना, असंही झालं. एका परदेशी केंद्राची लिंक दोन महिन्यांत तीनदा बदलली. शॉर्टवेव्हलाही वेळापत्रक बदलतं, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, पण ते ठरलेलं असतं आणि नवी जागा दोन-चार दिवस काटा फिरवून आपली आपण सापडते. इथे मी फळीपाशी उभा राहून विचार करायचो की आता नेमकं कुठे बिघडलंय. माझ्या फोनमध्ये? टॉवरवर? समुद्राखालच्या केबलमध्ये? त्यांच्या कचेरीत? तार हलवून, सेट फिरवून, जमिनीत ओली अर्थिंग घालून जे माझ्या हाताने दुरुस्त होत असे, त्यातलं इथे काहीच माझ्या हातात नव्हतं. फोन बंद करून चालू करायचा, एवढीच विद्या.

आवाज मोठा व्हावा म्हणून हिने एकदा फोन तांब्याच्या कळशीत ठेवला. आवाज छान घुमला, अर्धं मिनिट. साठवलेले तुकडे संपले आणि गाणं थांबलं, कारण कळशीत नेटवर्क शिरेना. ही गोष्ट मला भौतिकशास्त्र म्हणून फार आवडली. हिला आवडली नाही.

३ जूनला निसर्ग आलं. वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, पण श्रीवर्धनपासून मंडणगड, दापोलीपर्यंत सगळा पट्टा झोडपला. दुपारी कौलं पत्त्यांसारखी उडत होती. आगरातले माड एकामागून एक गेले. एरियलचे दोन्ही माड मी माझ्या डोळ्यांनी पडताना बघितले. लाईट सकाळीच गेली होती. संध्याकाळपर्यंत फोनवरच्या काड्याही गेल्या, आणि पुतण्याची फळी खांबासकट आडवी.

रात्री माजघराच्या कोरड्या कोपऱ्यात बसून फिलिप्समध्ये सेल घातले. वडिलांचाच तो, मीडियम वेव्ह अजून चालत होती. मुंबई लागली. रात्री बरी लागते. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी बातम्यांच्या वेळेला वाडीतली माणसं येऊ लागली, तोंडाला फडकी बांधून, लांब लांब बसून. बातम्यांत दापोली हे नाव आलं तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. आपलं पडलेलं घर खरंच पडलंय, असं कुणीतरी सांगावं लागतं की काय कोण जाणे.

चौथ्या रात्री झोप येईना म्हणून टेकसन काढला. एरियल नव्हती, दहा-बारा फूट तार खिडकीच्या गजाला बांधली. आणि लावल्याबरोबर थबकलो. खरखर नव्हती. कोसभर कुठेच वीज नव्हती, एकही चार्जर नव्हता, बल्ब नव्हता. बँड १९७६ मध्ये होता तसा होता. ३१ मीटरच्या पट्ट्यावर बोट फिरवताना केंद्रामागून केंद्र येत होतं, अरबी, चिनी, कुणाचं तरी बाजासारखं वाद्य. मी कंदिलाच्या उजेडात वही उघडून लिहायला बसलो. ही उठून आली, वर बघितलं, कौलांच्या भगदाडातून चांदणं येत होतं. म्हणाली, "छप्पर गेलंय, आणि तुम्ही मार्क देत बसलाय." मला लाज वाटली. पण लिहिणं थांबवलं नाही, हेही खरं. त्या रात्रीच्या नोंदी अकरा आहेत.

लाईट तेविसाव्या दिवशी आली. नेटवर्क त्याच्या आधी, तुकड्यातुकड्यांनी. पुतण्याने नवीन फळी ठोकली आणि मी पुन्हा परभणी लावलं. कापूस संपून पेरणीवर आले होते.

पावसाळा सरल्यावर दापोलीच्या मेकॅनिककडे फिलिप्स घेऊन गेलो. म्हटलं, फोनचा आवाज ह्याच्या स्पीकरवर यायला पाहिजे. फोनच्या आवाजाला पोट नाही. तो म्हणाला, "गुरुजी, विजेवरचा जुना सेट असता तर हात लावला नसता. त्यातल्या काहींच्या चॅसिसला सरळ करंट असतो, फोन लावाल आणि चिकटाल. हा सेलवरचा आहे, होईल." फोनच्या डाव्या-उजव्या तारा एकेका रेझिस्टन्समधून एकत्र आणल्या, पुढे एक कपॅसिटर, आणि व्हॉल्यूम कंट्रोलच्या वरच्या टोकाला डाग दिला. पंधरा मिनिटांचं काम. पैसे घेतले नाहीत, त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. तेव्हापासून सकाळी फोन फळीवर, तिथून वायर, आणि आवाज फिलिप्समधून. जाळीतून येणारा, जरा जाड, ओळखीचा. हिला तर कित्येक दिवस वाटत होतं की मी जुना रेडिओच दुरुस्त करून आणलाय.

नेदरलँड्समध्ये ट्वेन्टे विद्यापीठात एक रिसीव्हर नेटवर ठेवलाय, तोही पुतण्याने दाखवला. ० ते २९ मेगाहर्ट्झ, पाहिजे ती फ्रिक्वेन्सी लावा. एरियल तिथल्या छपरावर, कान इथे. पडद्यावर सगळा बँड धबधब्यासारखा खाली वाहताना दिसतो, आणि उजळ रेघ दिसली की तिथे केंद्र. रात्री साडेदहाला इथे बसून तिथली संध्याकाळ ऐकायची. पहिल्या रात्री दीड तास गेला. युरोपातली हौशी रेडिओवाली मंडळी एकमेकांना मार्क देत होती. पण खरी गोष्ट अशी की मी जास्त वेळ काटा दोन केंद्रांच्या मधेच ठेवून बसलो होतो. शेवटी पुतण्याने विचारलं, "काका, नेटवरून खरखर ऐकताय?" त्या खरखरीला मी सिनपो दिला नाही. तिथलं आकाश मला ओळखीचं नाही.

आता रोजचं ऐकणं फोनवरच. बातम्या, नाट्यगीतं, परभणी. शॉर्टवेव्हवर उरलेली केंद्रं बोटांवर मोजण्याइतकी नाहीत, पण देवघरातला बल्ब अजून तिथेच आहे. पडलेल्या माडांच्या जागी फणसाला तार बांधलीय, पूर्वीच्या निम्मी.

परवा रात्री नऊच्या सुमारास पाऊस आला आणि लाईट गेली. वाडीभर अंधार, फोनवरच्या काड्याही गेल्या. फिलिप्समधून गाणं चालू होतं ते आणखी अर्धं मिनिट चाललं, मग साठा संपला. मी टेबलाच्या खणात हात घातला. आतून हिचा आवाज आला, "गेली का लाईट? म्हणजे आता तुमचं सुरू."

२५ मीटर, अरबी, पुरुष निवेदक, ४४४३४.